पायरी उत्तम होती

लाकूड किती मजबूत आहे हे खात्रीने सांगायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे ते मोडून बघणं. मोडलं की ते किती मजबूत होतं हे कळतं. या वाक्यात काही विनोदी आहे, हे नोकरीला लागून बरीच वर्षं होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते सासूबाईंनी लक्षात आणून दिलं.

मी लाकडावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत काम करते. आमच्या विभागाच्या नावात ‘यांत्रिक’, ‘गुणधर्म’ आणि ‘मूल्यमापन’ असे तीन भारदस्त शब्द आहेत. सासूबाई त्याला मोडतोड खातं म्हणतात. दोन टेकूंवर लाकडाची पट्टी आडवी ठेवायची, मधोमध यंत्राने दाब देत जायचं, ती किती वाकते ते बघत राहायचं आणि शेवटी कितीला मोडली ते लिहून ठेवायचं, एवढंच काम. बाहेरून बघणाऱ्याला हा एखाद्या चिडक्या मुलाचा खेळ वाटेल. आतून बघणाऱ्यालाही कधीकधी तसंच वाटतं, फक्त आम्ही पांढरे कोट घालतो.

सासूबाई निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवला आणि निवृत्तीनंतर तेच काम हौसेने चालू ठेवलं. माझे अहवाल त्या आवर्जून वाचतात. विषय कळत नाही पण वाक्य कळतं, असं त्यांचं म्हणणं. ‘नमुन्यात ओलावा अधिक असल्याचे आढळून आले’ असं मी लिहिलं, की समासात लाल पेन्सिलीने प्रश्न येतो: कुणाला आढळलं? तू नव्हतीस तिथे?

“आई, शास्त्रात असंच लिहितात,” मी सांगते. “माणूस मध्ये येऊ द्यायचा नसतो.”

“मग पगार कुणाला देतात? ओलाव्याला?”

आमच्या घरात खाली सगळं घर आहे आणि वर सासूबाईंची एकच खोली, तिला लागून न्हाणीघर. वर जायला लाकडी जिना. जिन्याला मध्येच एक वळण आहे, आणि त्या वळणावर जी लांबरुंद पायरी आहे ती पाय पडला की कुरकुरते. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो ऐकू येत नसे. तो नणंदेला ऐकू आला.

नणंद विमा कंपनीत आहे. कुठल्याही घरात शिरली की तिला आधी तिथला पुढचा अपघात दिसतो, मग माणसं दिसतात. त्या दुपारी ती आईला भेटायला वर निघाली आणि वळणावर थबकली. पुन्हा एक पाय उचलून पायरीवर टेकवला. कुर्र. पुन्हा टेकवला.

“हे काय आहे?” तिने वरूनच विचारलं.

“पायरी,” माझा नवरा म्हणाला.

“आई रोज यावरून चढते?”

“उडता येत नाही मला,” सासूबाई खोलीतून म्हणाल्या.

नणंद पुढे चढलीच नाही. तिथेच उभी राहून तिने आईला दारात बोलावलं आणि सगळं ठरवून टाकलं. जिना धोक्याचा आहे. आईने खाली मागच्या खोलीत यावं. स्वयंपाकघराशेजारी आहे, लक्ष राहील. इस्त्रीचे कपडे आणि बॅगा दुसरीकडे हलवता येतील. खिडकीसुद्धा आहे.

“शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडणारी,” सासूबाई म्हणाल्या. “भिंतीवर छापलेलं काही नाही. मी वाचू काय?”

“आई, तू पडलीस तर?”

“तुला माझी भीती वाटते की जिन्याची?”

“जिन्याची.”

“मग जिन्याचंच ठरवू,” सासूबाई म्हणाल्या. “घरात लाकडाची पंडिता बसवून ठेवलीय. ती म्हणाली जिना पडेल, तर मी खाली येते, एक शब्द बोलणार नाही. ती म्हणाली नाही पडणार, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. बोल.”

“कबूल. रविवारी येते मी.”

नवऱ्याकडे कुणी मत मागितलं नाही. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत ‘आधीचं बरं होतं की हे बरं?’ असं विचारतो. उत्तर देण्याची त्याची सवयच मोडली आहे. सगळे माझ्याकडे बघत होते.

“एकच जिना आहे,” मी म्हटलं. “म्हणजे नमुना एकच. तेवढ्यावरून सांख्यिकीदृष्ट्या—”

“हो की नाही, एवढंच सांगायचंय,” नणंद म्हणाली.

हो की नाही हे मी आयुष्यात फक्त एकदा सांगितलं आहे, लग्नाच्या वेळी. तेव्हाही मी दोन दिवस मागून घेतले होते.

*

तपासणी मी रीतसर केली. संस्थेतून उपकरणं मागून आणली. ओलावा मापायचं दोन सुयांचं यंत्र प्रत्येक पायरीत टोचलं. टोकाला हलकी हातोडी मारून आवाज लाकडातून किती वेगाने जातो ते बघितलं. आत किडलेलं, पोकळ असेल तर आवाज रेंगाळतो. कुठेच रेंगाळला नाही. कुरकुरीचं कारणही सापडलं: वळणावरच्या पायरीचे दोन स्क्रू सैल होते आणि ती बाजूच्या तुळईवर घासत होती. कुरकूर म्हणजे अशक्तपणा नव्हे. हे मी जेवताना सांगितलं.

“बरोबर आहे,” सासूबाई म्हणाल्या. “कुरकूर करणारी माणसं कुठे लवकर मरतात?”

इथे मी थांबायला हवं होतं. कुठलीही शहाणी बाई स्क्रू आवळून थांबली असती. पण मला पायरी भाराखाली किती वाकते ते मोजायचं होतं. तिच्याखाली मी तबकडीचं मापक बसवलं. घड्याळासारखा काटा असतो आणि केसाच्या जाडीइतकी हालचालही तो दाखवतो. मग घरातल्या एकेकाला आधी वजनकाट्यावर आणि नंतर पायरीवर उभं केलं.

नवरा वजनकाट्यावर चढला, आकडा बघितला आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या. आकडा हलला नाही. पायरी मात्र अपेक्षेप्रमाणे वाकली, जेमतेम नखाच्या जाडीएवढी. मी उभी राहिले. माझ्या वजनाच्या हिशेबात वाकली. काम अगदी देखणं चाललं होतं. मग सासूबाई.

“हात सोडून उभ्या राहा,” मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

“मी हात सोडून जिना चढत नाही. तुझ्या काट्यासाठी का चढू?”

यावर मी खूश झाले, हे सांगायला मला लाज वाटते. ‘प्रत्यक्ष वापराच्या स्थितीतील मापन’ असा शब्दप्रयोग माझ्या मनात येऊन गेला. कठडा धरल्यामुळे चार-दोन किलो कमी भरतील, असं धरून मी काटा वाचला. पायरी जेवढी वाकायला हवी होती त्याच्या निम्मीसुद्धा वाकली नव्हती.

मला वाटलं, मापक बिघडलं. आमच्या शिक्षणाची ही मेख आहे: माणसात काही वेगळं दिसलं की आम्ही आधी यंत्र तपासतो. मी मापक काढून पुन्हा बसवलं आणि सासूबाईंना पुन्हा उभं केलं. तोच आकडा. मग दुसरं मापक आणलं. त्या तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. वर जाताना एवढंच म्हणाल्या, “माझं वजन तुला पटत नसेल तर सोडून दे.”

मापक ठीक होतं. तेव्हा मी पुढचा संशय घेतला, तो पायरीवर. जास्त भाराला नीट वाकणारी आणि कमी भाराला हट्टाने ताठ राहणारी ही पायरी काहीतरी विलक्षण असली पाहिजे. आतल्या तंतूंची रचना? एखादी झाकलेली गाठ? झोपेतही माझ्या डोक्यात एका शोधनिबंधाचं शीर्षक तयार होत होतं. त्या निबंधाच्या केंद्रस्थानी माझी सासू होती आणि मला ती दिसत नव्हती.

*

शनिवारी सकाळी मी आणि नवऱ्याने ती पायरी काढली. सासूबाई वरच होत्या.

“जेवायच्या आत आणून बसवते,” मी खालून सांगितलं.

“मला कुठे खाली काम आहे,” त्या म्हणाल्या. “पण आण मात्र.”

बेत साधा होता. पायरी प्रयोगशाळेच्या यंत्रावर आडवी ठेवायची, तीनशे किलोपर्यंत दाब द्यायचा, तिचा आलेख बघायचा आणि थांबायचं. तीनशे किलोने तिला काही झालं नसतं. मी कागदावर ‘३०० ला थांबणे’ असं लिहून त्याच्याखाली रेघ मारली होती.

शनिवारी संस्थेत फक्त डिंक्या होता. तो लाकडाच्या गोंदांवर काम करतो. जोडणाऱ्यांच्या आणि मोडणाऱ्यांच्या प्रयोगशाळा समोरासमोर आहेत. पायरी उचलायला त्यानेच हात लावला.

“छान आहे गं. जून लाकूड. कुठली?”

“घरची.”

“घरचीही आणायला लागलीस?”

मी यंत्र चालू केलं. पडद्यावर आलेख उमटू लागला. जेवढा भार तेवढं वाकणं, अशी एक सरळ रेघ वर वर चढत गेली. कमी भारालाही सरळ, जास्त भारालाही सरळ. हट्ट नाही, ताठा नाही, काही विलक्षण नाही. लहान मुलाला पट्टी धरून काढायला सांगावी तशी रेघ. पायरी अगदी साधी, प्रामाणिक पायरी होती.

म्हणजे तो आकडा पायरीचा नव्हता.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. पायरीने जर खरं सांगितलं असेल, तर सासूबाईंच्या वजनातलं निम्म्याहून जास्त पायरीवर आलंच नव्हतं. ते कुठे गेलं? वजन कुठेही जात नाही. एका ठिकाणी कमी भरलं तर दुसऱ्या ठिकाणी भरतंच. ते कठड्यावर होतं. सासूबाई पायांनी जिना चढत नव्हत्या. दोन्ही हातांनी कठड्याला ओढत स्वतःला वर नेत होत्या. कधीपासून? हल्ली त्या बागेत येत नाहीत. कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाणं बंद केलंय, तिथली पुस्तकं भिकार झाली म्हणून. चहाचा कप खाली आणून ठेवायच्या, तो हल्ली नवरा आणतो. हे सगळं मी पाहिलं होतं. ते एका ठिकाणी आणून त्याची बेरीज करावी, असं मला सुचलं नव्हतं, कारण त्याला काटा नव्हता.

कुठेतरी ‘कट्’ असा आवाज झाला. मग आणखी एक. सरळ रेघ वरच्या टोकाला वळू लागली होती. हा आवाज मी हजारदा ऐकला आहे आणि तो झाला की माझा हात आपोआप वही ओढतो. बंद करायच्या बटणाकडे तो कधी गेलेलाच नाही. आताही तो वहीकडेच गेला.

पायरी तोफेसारखा आवाज करून मोडली.

डिंक्याने कानांवरचे हात काढले. “दोन टन,” तो पडद्याकडे बघून आदराने म्हणाला. “वा.”

“तीनशेला थांबायचं होतं,” मी म्हटलं.

“मग सांगायचं ना! मला वाटलं मोडायलाच आणलीस. आपल्याकडे मोडायलाच आणतात.” मग माझा चेहरा बघून त्याने तुकडे एकमेकांना लावून पाहिले. “चिकटवून देतो. माझा सांधा लाकडापेक्षा मजबूत होतो, तुला माहितीये.”

पण ती मधोमध चिरफाळली होती, लांबच लांब धसकटं निघाली होती. चांगलं लाकूड तसंच मोडतं. एरवी मी त्याचा फोटो काढला असता. खरं सांगायचं तर मी तो काढला.

*

जिन्यात वळणावर एक खड्डा होता आणि त्याच्या खाली मी उभी होते, हातात पिशवी, पिशवीत पायरीचे दोन तुकडे. नवरा माझ्यामागे उभा होता. सासूबाई वरच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या.

“पायरी उत्तम होती,” मी सांगितलं.

सासूबाई जरा पुढे वाकल्या.

“होती?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“क्रियापद तपासून घे.”

“क्रियापद बरोबर आहे, आई.”

नवऱ्याने पिशवीत डोकावून बघितलं आणि तो खिडकीकडे जाऊन बाहेर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. सुतार सोमवारशिवाय येणार नव्हता. मी तात्पुरती फळी टाकायला तयार नव्हते, कारण घरात सापडलेल्या फळीचा मला काही भरवसा देता येईना. दोन टन पेलणारी पायरी मोडून आल्यावर हा काटेकोरपणा कुणालाही हास्यास्पद वाटला असता, पण तो मोडतोड खात्यात अंगात भिनतो. तरण्या माणसाला ती एक पायरी ओलांडून जाणं कठीण नव्हतं. नवऱ्याने लांब टांग टाकून सासूबाईंचं जेवण वर नेलं. सासूबाईंना मात्र खाली येणं शक्य नव्हतं, आणि ते पायरीमुळे आहे असं अजून फक्त नवराच समजत होता.

संध्याकाळी नवरा दुकानात गेल्यावर मी खड्ड्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.

“आई, जरा बाहेर येता?”

दार उघडलं. त्या कठडा धरून आल्या, दोन पायऱ्या वर बसल्या. आमच्यामध्ये ती मोकळी जागा.

“तुमचे हात फार मजबूत आहेत,” मी म्हटलं.

“हे सांगायला बोलावलंस?”

“आढळून आलं.”

“कुणाला?”

“मला.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उजवा पाय हाताने उचलून जरा सरळ केला. माझ्यासमोर त्यांनी तो पहिल्यांदाच तसा उचलला.

“काट्याने चुगली केली?”

“पायरीने. मोडताना.”

“मरता मरता जबानी दिली म्हण की.” त्या थोडं हसल्या. “मागच्या हिवाळ्यापासून आहे. आधी फक्त उतरताना दुखायचा.”

“सांगितलं का नाही?”

“कुणाला? तुझ्या नवऱ्याला? तो म्हणाला असता, आधीचा गुडघा बरा होता की हा बरा?”

“ताईंना तरी.”

“तिला सांगितलं असतं तर त्याच दुपारी माझी गादी खाली गेली असती. मागोमाग मी.” त्या कठड्यावरून हात फिरवत राहिल्या. “छापखान्यात एका टेबलाला सहा जण. घरी एका खोलीत पाच. माझं स्वतःचं दार मला साठी उलटल्यावर मिळालं. खाली त्या मागच्या खोलीत मी म्हणजे फ्रीजशेजारची म्हातारी. येता-जाता प्रत्येक जण डोकावणार, काही हवंय का. काही नकोय, हे दिवसभर सांगत बसणं हासुद्धा धंदाच आहे.”

“आणि वर पडलात तर?”

“मोडेन, पण वाकणार नाही.”

“आमच्याकडे असं लाकूड बाद करतात,” मी म्हटलं. “न वाकता एकदम मोडतं ते. चांगलं लाकूड आधी वाकतं, आवाज करतं, खालच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ देतं.”

“मला बाद लाकूड म्हणालीस.”

“लाकडाबद्दल बोलले.”

“तुला जिन्याचं विचारलंय ना? मग जिन्याचं सांग. जिना पडेल का?”

“नाही.”

“झालं तर मग. उद्या तेवढंच म्हण.”

हे मला फार सोयीचं होतं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, नमुन्याबाहेरचं बोलायचं नाही. आयुष्यभर मी तेच करत आले. त्याला मी शिस्त म्हणते. त्या पायऱ्यांवर बसून मला पहिल्यांदाच वाटलं की त्यातला बराचसा भित्रेपणाच आहे, फक्त त्याने पांढरा कोट घातलाय.

“जिना पडणार नाही, असं म्हणेन,” मी म्हटलं. “आणि पुढे म्हणेन की मी फक्त जिनाच तपासला.”

“ते दुसरं वाक्य काढून टाक.”

“नाही काढणार.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत त्यांची मी नाकारलेली ही पहिली दुरुस्ती होती.

“त्यापुढचं तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. पण माझ्या वाक्यांत सांगेन. ‘उजव्या गुडघ्याची भारवहन क्षमता घटल्याचे आढळून आले.’”

“देवा,” सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. दार लागलं.

*

रविवारी नणंद आली, जिन्याशी गेली आणि वळणाकडे बघत उभी राहिली.

“पायरी कुठाय?”

“मोडली,” नवरा म्हणाला.

“म्हणजे मी म्हणत होते तेच—”

“दोन टनांना मोडली, ताई,” मी म्हटलं.

“दोन टन कोण चढणार होतं?”

“कुणी नाही. मी प्रयोगशाळेत नेऊन मोडली.”

नणंद माझ्याकडे बघत राहिली. अपघातांची तिला इतकी माहिती, पण हा प्रकार कुठल्याच कलमात बसत नसावा. सासूबाई वरच्या पायरीवर नाटकाला आल्यासारख्या बसल्या होत्या.

“बरं,” नणंद म्हणाली. “जिना पडेल का? हो की नाही?”

“नाही.”

“खात्री?”

“खात्री.”

नवऱ्याने चमकून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून त्याने हा शब्द एकटा, पुढेमागे काही न लावता, बहुधा ऐकला नव्हता.

“पण मी फक्त जिनाच तपासला,” मी म्हटलं.

विम्यातल्या माणसांना बारीक अक्षरातलं वाक्य लगेच ऐकू येतं. “म्हणजे काय, वहिनी?”

मी वर बघितलं. सासूबाई कठड्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. माझं वाक्य पाठ होतं आणि ते किती वाईट आहे हे मला माहीत होतं.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “तू नको बोलूस. माझा गुडघा गेलाय. उजवा.”

नणंद खालच्या पायरीवर बसली. विम्यातली बाई कुठेतरी गेली आणि मुलगी राहिली. “कधीपासून?” तिने विचारलं.

“हिवाळ्यापासून.”

“आणि तू मला फोनवर सांगतेस, मजेत आहे.”

“मजेतच होते. खोलीत कुठे चढायचं असतं?”

“आई, मग आता खाली—”

“बोली जिन्याची झाली होती. गुडघ्याची नाही.”

“वहिनी, तुला माहीत होतं?”

“कालपासून,” मी म्हटलं आणि तबकडीच्या काट्याचं समजावून सांगू लागले. दुसऱ्या वाक्यानंतर कुणी ऐकत नव्हतं.

“ते काही नाही,” नणंद उठली. “तू ऐकणार नसशील तर मी आत्ता वर येते आणि तुला उचलून खाली आणते.”

“ये की,” सासूबाई म्हणाल्या. “पायरी नाहीये.”

आधी नवरा हसला. मग नणंदेला हसू आवरेना आणि ती डोळे पुसत पुन्हा खाली बसली. ते पुसणं सगळंच हसण्याचं नव्हतं. मग आम्ही जिन्याच्या दोन बाजूंनी बसून तह केला. उद्या पायरी बसली की सासूबाईंनी हाडांच्या डॉक्टरकडे यायचं. भिंतीच्या बाजूनेही कठडा लावायचा. मी कठडा तपासायचा, पण जागेवरच; त्याला दाराबाहेर न्यायचं नाही. हे कलम नवऱ्याने सुचवलं. त्याचं हे पहिलंच ठाम मत. खोली वरचीच राहील, पण जिन्यात एकटीने चढायचं-उतरायचं नाही.

या शेवटच्या कलमावर सासूबाई बराच वेळ अडल्या. खोली राखायची तर हेच द्यावं लागणार, हे त्यांना कळत होतं आणि ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं.

“माझ्या दंडाला धरून कुणी चालवायचं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला धरायचं नाही. धरायचं झालं तर मी धरीन.”

“चालेल,” नणंद म्हणाली.

सोमवारी सुताराने नवीन पायरी बसवली. डॉक्टरची वेळ दुपारची होती. सासूबाई बाहेर जायचे कपडे घालून, पर्स गळ्यात अडकवून दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या एक पायरी खाली, पाठ त्यांच्याकडे करून उभी राहिले. वळणापर्यंत त्या कठड्यानेच उतरल्या. वळणावर नवीन पायरीपाशी थांबल्या. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, आधी नुसता, आणि मग पूर्ण.

“किती भरलं ते सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

“नाही सांगत.”

मी सांगितलं नाही. बरंच होतं.